काठोकाठ पियाली

शारिपाने नणंदेची पियाली काठोकाठ भरली, आणि मान झुकवून, दोन्ही हातांनी, अगदी रीतीला धरून ती तिच्यापुढे केली.

जेवणाच्या दस्तरखानाभोवतीचं बोलणं तिथेच थांबलं. आमच्याकडे पाहुण्याची पियाली अर्धीच भरतात. ती रिकामी झाली की परत मागायची, पुन्हा थोडा चहा ओतायचा, पुन्हा मागायची. बस अजून, तू आम्हांला हवीशी आहेस, हे अशा रीतीने न बोलता सांगून होतं. काठोकाठ भरलेल्या पियालीचा अर्थ लहान पोरालाही कळतो : प्या आणि उठा. चहाच्या समोवाराशी बसणाऱ्या सुनेच्या हातून अशी चूक होत नाही, आणि शारिपा तर लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याच समोवाराशी बसत आली होती. तेव्हा ही चूक नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं.

तुर्सुनायने पियालीला हात लावला नाही. जिच्या निरोपाच्या प्रयोगाची पत्रकं आमच्या फ्रुन्झे शहराच्या प्रत्येक चौकात लागली होती, ती ही नर्तकी, माहेरच्या नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, आईच्या उजव्या हाताला बसलेली, त्या भरलेल्या चहाकडे नुसती बघत राहिली. शारिपाच्या मनगटावर गरम थेंब ओघळले, तरी तिने हात मागे घेतला नाही.

"सूनबाई, पियाली मागे घे," एने म्हणाल्या. एने म्हणजे शारिपाच्या सासूबाई. डोक्याला पांढराशुभ्र फेटा गुंडाळलेल्या त्या म्हातारीच्या शब्दाबाहेर या घरातलं मांजरही जात नसे.

"नाही घेणार, एने," शारिपा म्हणाली.

एवढे दोन शब्द. पण ते तिच्या ओठांतून कसे निघाले याचं नवल इतरांपेक्षा तिलाच अधिक वाटलं. तिचा नवरा मुकाश, बस डेपोतला मेकॅनिक, भला पण आईपुढे आणि बहिणीपुढे जीभ हरवणारा माणूस, पावाचा तुकडा चुरत बसला होता, तो अधिकच बारीक चुरू लागला.

घडलं होतं ते असं. शारिपाची लेक मेरिम नाचाच्या तालमीला गेली होती, आणि तिच्या माघारी तुर्सुनायने, जणू परड्यातल्या सफरचंदाच्या झाडाची वाटणी मागावी तशा शांत सुरात, आपला बेत सांगितला होता. आता आपलं नाचायचं वय संपलं. लेनिनग्राडच्या ज्या शाळेत आपण शिकलो तिथे आपल्याला शिकवायला बोलावलंय. मेरिमलाही तिथल्या मंडळीत घ्यायला ते तयार आहेत. तेव्हा निरोपाचा प्रयोग संपला की त्याच रंगमंचावर, सगळ्यांसमक्ष, ही मुलगी माझी आहे असं मी जाहीर करणार आणि तिला घेऊन जाणार.

"माझी आहे" हे शब्द तिने आवाज न चढवता उच्चारले होते. आणि शारिपाच्या हातातली समोवाराची चावी उघडीच राहिली होती.

"मुलगी ओटीत घातली की परत मागायची नसते, वन्सं," शारिपा आता म्हणाली.

"मी कुठे घातली?" तुर्सुनाय तिच्याकडे न बघता आईकडे बघत म्हणाली. "मी तापात पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा कूस रिकामी होती. हिच्या झग्याच्या घेरात लेकरू तुम्ही ठेवलंत, आई. माझ्या हातांनी मी तिला कधीच दिलं नाही... कधीच नाही."

एने म्हणाल्या, की ही खरं बोलते. लेकरू दत्तक द्यायचं तर देणारीने ते आपल्या हातांनी घेणारीच्या घेरात ठेवून, आपल्या तोंडाने द्यावं लागतं. रीत अपुरी राहिली होती.

"मग रीत अपुरी राहिली असेल," शारिपा उठून उभी राहिली, "माझं आईपण अपुरं राहिलेलं नाही."

आणि सासूबाई बसलेल्या असताना, त्यांच्याकडे पाठ करून, ती दाराबाहेर पडली. सुना उलट पावलांनी, तोंड वडीलधाऱ्यांकडे ठेवून बाहेर पडतात, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही असं मुळीच नव्हे. चांगलं आठवलं होतं.

*

ती परड्यातल्या पाटाच्या काठी जाऊन बसली. डोंगरांवरचं बर्फ वितळून आलेलं गार पाणी पायांशी धावत होतं, आणि तिला त्या दुसऱ्या गारठ्याची आठवण येत होती.

ती आणि तुर्सुनाय, दोघी एकाच खोऱ्यातल्या. गावोगावच्या शाळा धुंडाळत शहरातून माणसं आली, पोरींचे पाय वाकवून, पाठ ताणून पाहिली, आणि त्यांतून या दोघींना निवडून लांबलचक प्रवासाच्या आगगाडीत बसवलं. रशियनचा एक शब्द येत नव्हता. लेनिनग्राडच्या त्या वसतिगृहात भिंती घामाघूम होत आणि बोटं बधिर होत. तेव्हा एकाच पांघरुणात शिरून, पायांत पाय गुंतवून, त्या एकमेकींना हाका मारत. "तुर्सुनाय, झोपलीस?" "नाही. शारिपा, तू?" आपलं नाव आपल्या भाषेच्या उच्चारात ऐकायला मिळावं, एवढ्यासाठीच हा खेळ.

मग शिकून दोघी परतल्या, आमच्या थिएटरात नाचू लागल्या, आणि मैत्रिणीच्या घरी जाता जाता शारिपाला मैत्रिणीचा धाकटा भाऊ आवडून गेला. लग्न झालं. आणि डोक्यावर नवरीचा रुमाल पडला त्या क्षणापासून, जिच्या नावाने तिने सारं बालपण उबदार केलं होतं, ते नावच तिला बंद झालं. नवऱ्याच्या थोरल्या माणसांचं नाव सुनेने घ्यायचं नाही. शेजारच्या घरातल्या नव्या सुनेने एकदा थोरल्या दिराचं नाव घेतलं, तर एनेंनी त्या घरचा चहा सोडला होता. 'तुर्सुनाय' गेली, 'वन्सं' आल्या. 'तू' गेलं, 'तुम्ही' आलं. पुढे ते नाव साऱ्या शहराच्या तोंडी झालं, पत्रकांवर हातभर अक्षरांत छापून येऊ लागलं, आणि दुकानातल्या बाईने विचारलं, की बाई, तुम्ही थिएटरात कुणाचे कपडे शिवता, तर शारिपा भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट दाखवायची. थिएटरातल्या रशियन बायका यावर पोट धरून हसत. शारिपाही हसायची... हसण्याला काही बंदी नव्हती.

आणि ती कपडे का शिवत होती, नाचत का नव्हती?

सरोवराच्या राणीचं ते नृत्यनाट्य तेव्हा नवं बसत होतं. मॉस्कोला जायचं होतं. राणीसाठी निवड झाली होती शारिपाची! तुर्सुनायची उडी उंच होती, पण शारिपा नुसता हात उचलायची तर वादकाची नजर स्वरलिपीवरून हटायची, असं म्हणणारे वादक अजून आहेत. तालमी रंगात आल्या आणि तुर्सुनायला दिवस गेले. बाप दूरच्या शहरातला; पाहुणा म्हणून आला होता, काम संपवून निघून गेला. लग्न नाही, नाव नाही. एनेंच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासलं जाणार, तुर्सुनायचा नाच संपणार, आणि ते न जन्मलेलं लेकरू साऱ्यांची बोटं झेलत वाढणार.

तेव्हा एनेंनी तोडगा काढला. शारिपाने पोटाला नमदा बांधायचा. सुनेला दिवस गेलेत म्हणून दोघींना हवापालटाला उंच कुरणावर घेऊन जायचं. तुर्सुनाय वहिनीच्या सोबतीला. जन्मेल ते सुनेचं. गरोदर बाई नाचू शकत नाही. तेव्हा राणीची भूमिका गेली. पानगळ सुरू होता होता तुर्सुनाय बारीक होऊन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन थिएटरात परतली, आणि रिकामी पडलेली राणी तिच्या वाट्याला आली. शारिपा कुरणावरून खाली उतरली ती मेरिमला छातीशी धरून. लेकरू अशक्त होतं, ताप यायचा, उचलून धरल्याशिवाय झोपायचं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नर्तकीच्या देहाला एवढी वाट बघता येत नाही. एके दिवशी शारिपा थिएटरच्या मागच्या दाराने आत गेली आणि शिवणखात्यात जाऊन बसली.

तेव्हापासून राणीचा प्रत्येक झगा तिने शिवला. दुसरीच्या मापाचा.

'तू घरासाठी केवढा त्याग केलास,' असं एने वर्षातून एकदा सणाला म्हणायच्या आणि वाटीत मेंढीच्या शेपटाची मानाची चरबी घालायच्या. शारिपाला ती चरबी गिळवत नसे.

*

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. मुकाशने एकदा, बूट काढता काढता, जमिनीला उद्देशून म्हटलं, की ताईचंही आयुष्य एकटं गेलं, तिचाही विचार करायला हवा. शारिपाने शांतपणे विचारलं, की माझा विचार या घरात कुणी, कधी केला ते सांग, मी ऐकते. मुकाश दुसरा बूट काढायचाच विसरला.

ती मनाशी एक ठरवत होती. वन्सं रंगमंचावरून सांगणार, दिव्यांच्या झोतात, टाळ्यांत. त्या प्रकाशात कुठलंही सत्य सुंदरच दिसणार, आणि शिवणखात्यातली एक बाई खोटारडी ठरणार. नाही! हे सत्य माझ्याच तोंडून मेरिमच्या कानी जाईल. माझं काय व्हायचं ते होवो.

निरोपाच्या प्रयोगात मेरिम सरोवराच्या मुलीचं काम करणार होती. तिच्या झग्याचं माप घ्यायला शारिपाने तिला सगळे गेल्यावर दुपारी शिवणखात्यात बोलावलं. मेरिम स्टुलावर चढून उभी राहिली. उंच मान, पातळ मनगटं, आणि भुवया अगदी तुर्सुनायच्या. शारिपा तिच्या पायांशी बसून घेराला टाचण्या लावू लागली. तोंडात टाचण्या असल्या की बोलायचं टळतं. पण टाचण्या संपल्या.

तिने सगळं सांगितलं. नमद्याचं पोट, कुरणावरचा तंबू, ती वादळी पहाट, आणि वन्संचा आताचा बेतही. ती मध्ये कुठे थांबली नाही. आणि मग ती त्या जागी आली, जिथे चार शब्द गाळले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. तुझ्या जन्मदात्रीने तुला नाचासाठी टाकलं, एवढंच म्हणायचं होतं. मेरिमने ते मानलं असतं. शारिपाच्या मनात तो मोह आला, आणि तो तिने टाचणीसारखा उचलून बाजूला ठेवला.

"एक लक्षात ठेव," ती म्हणाली, "तिने तुला दिलेली नाही. ती तापात होती. तुला माझ्या ओटीत एनेंनी घातलं. शुद्धीवर आल्यावर ती तंबूभर तुला शोधत होती, आणि मी तुला घेऊन बाहेर पाठ करून बसले होते. मी वळले नाही. तुला मी घट्ट धरलं होतं."

मेरिम स्टुलावरून उतरली नाही. तिच्या घेरातल्या टाचण्या तेवढ्या हलत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे तुझा नाच गेला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता. "मला नको आहे हे. इतकं मोठं ओझं मी मागितलं होतं का तुझ्याकडे? उद्या मी पाय उचलला की मला वाटणार, हा पाय आईचा आहे, तिने कापून दिलाय."

शारिपाने वर पाहिलं.

"कुणी सांगितलं मी दिला म्हणून? त्याग हा शब्द तुझ्या आजीचा. त्यांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी तो शोधला. भूमिका माझ्याकडून काढून घेतली, ते मी कधी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. पण तू... तुला मी घेतलं, मेरिम. दुसऱ्या वर्षी थिएटरवाल्यांनी मला परत बोलावलं होतं, मागच्या रांगेत का होईना. मी घरी आले, तू पाळण्यात उभी राहून माझ्याकडे बघून गुडघे वाकवत होतीस, वर-खाली, वर-खाली. मी परत गेले नाही. ती माझी खुशी होती. तुझ्यावर तिचं काही देणं नाही. जा लेनिनग्राडला, नाच, मला आनंद आहे. फक्त तुझी आई कोण, हे चहा पिता पिता तुला न विचारता कुणी ठरवायचं नाही. मीसुद्धा नाही."

मेरिम खाली उतरली, तिने टाचण्यांसकट झगा उतरवून स्टुलावर ठेवला, आणि ती निघून गेली. त्या रात्री ती मैत्रिणीकडे राहिली, दुसऱ्या रात्रीही. शारिपाने घेर पुरा केला. टाके एवढे बारीक घातले की उसवायचं म्हटलं तर कापडच फाटावं.

*

प्रयोगाच्या दिवशी शिवणखात्यातल्या बायका तिची वाट बघत राहिल्या. तुटलेलं बटण, सुटलेला टाका यासाठी सुई-दोरा घेऊन विंगेत उभं राहायचं हे तिचं काम. अठरा वर्षांत तिने राणीला नेहमी बाजूनेच पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती विंगेत गेली नाही. स्वतःच्या मापाचा, स्वतःसाठी शिवलेला गडद निळा मखमली झगा, भरपूर घेराचा, तिने घातला, केस विंचरले, आणि थिएटरच्या पुढच्या दाराने आत गेली.

पहिल्या रांगेत एने बसल्या होत्या, शेजारी मुकाश. सुनेसाठी मागच्या रांगेतली जागा ठेवलेली. शारिपा सरळ पुढे आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मुकाशने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला न विचारता उठला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. शारिपा सासूबाईंच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"लोक बघतायत," एने ओठ न हलवता म्हणाल्या.

"बघू देत, एने. बघायलाच आलेत."

त्या वेळी पडद्यामागे काय चाललं होतं, ते पुढे तुर्सुनायनेच सांगितलं. मेरिम तिच्या खोलीत आली होती, सरोवराच्या मुलीच्या वेशात. तुर्सुनाय आरशासमोर होती. आत्याला तिने आरशातूनच सांगितलं, की मला सगळं ठाऊक आहे, आईने सांगितलं.

तुर्सुनायच्या मनात पहिलं हेच आलं, की संपलं, आता या पोरीच्या मनात विष कालवून झालं असणार. तिने कडवटपणे विचारलं, काय सांगितलं तुझ्या आईने? मी नाचासाठी तुला टाकलं असंच ना?

"नाही," मेरिम म्हणाली. "आई म्हणाली, तू मला दिलंच नव्हतंस. तू तापात होतीस. शुद्धीवर आल्यावर मला शोधत होतीस. ती म्हणाली, ती वळली नाही."

तुर्सुनायच्या हातातला भुवयांचा ब्रश तसाच राहिला. जिच्याकडून भूमिका गेली होती, मैत्रीण गेली होती, आणि आता मुलगी जाऊ घातली होती, त्या बाईने स्वतःविरुद्धचा एकुलता एक पुरावा स्वतःच्याच तोंडाने लेकीच्या हाती दिला होता. एका शब्दाने जिंकता आलं असतं तिला. तो शब्द तिने उच्चारला नव्हता. तुर्सुनायला एकदम ते ओलसर वसतिगृह आठवलं, आणि पांघरुणाचा मोठा भाग नेहमी आपल्याच अंगावर कसा असायचा तेही.

"मी लेनिनग्राडला येईन, आत्या," मेरिम पुढे म्हणाली. "तुझ्याकडून शिकायचंय मला. पण रंगमंचावरून तू काही जाहीर केलंस तर मी तिथेच, सगळ्यांसमोर, नाही म्हणेन. मी हट्टी आहे. दोघींवर गेलेय."

मग तिने झग्याचा घेर उचलून आत्याला आईने घातलेले आतले बारीक टाके दाखवले, आणि वाद्यं जुळवल्याचा आवाज आला म्हणून ती पळाली.

*

तुर्सुनाय त्या दिवशी कशी नाचली, ते आमच्या शहरात अजून सांगतात. उडी पूर्वीची उरली नव्हती. पण शेवटी राणी आपली मुलगी पृथ्वीवर पाठवून स्वतः पाण्यात परतते, तिथे तिने नुसता हात उचलला, आणि शारिपा खुर्चीतच ताठ झाली. तो हात तिचा होता! मनगटाचं ते वळण, बोटं सगळ्यात शेवटी सोडणं, हे तिने बसवलेलं होतं, तिच्या तालमीत, नमदा पोटाला बांधायच्या आधी. इतकी वर्षं तुर्सुनायने ते कधी केलं नव्हतं. स्वतःचंच काही करायची. आज पहिल्यांदा तिने ते जसंच्या तसं केलं, विंगेकडे पाहत, जिथे शारिपा नेहमी उभी असायची. तिथे ती दिसली नाही, तेव्हा राणीची नजर क्षणभर सैरभैर झाली, सभागृहात उतरली, आणि पहिल्या रांगेत येऊन थांबली. शारिपाच्या गालांवरून आसवं वाहत होती, आणि ती पुसायची तिला शुद्ध नव्हती.

पडदा पडला, पुन्हा उघडला. सारं सभागृह उभं राहून एकच नाव घेत होतं. "तुर्सुनाय! तुर्सुनाय!" फुलं पडत होती. ती पुढे आली, हात वर केला, आणि गोंगाट थोडा ओसरला. शारिपाने डोळे मिटले. आता सांगणार... आता.

पण तुर्सुनाय काहीच बोलली नाही. तिने मेरिमचा हात धरला आणि रंगमंचाच्या कडेच्या लाकडी पायऱ्या उतरून, मुकुटासकट, घामाने ओघळलेल्या रंगासकट, ती थेट पहिल्या रांगेशी आली. एने अर्ध्या उठल्या. त्यांना ओलांडून ती शारिपापुढे गुडघ्यांवर बसली, तिच्या निळ्या मखमली झग्याचा घेर दोन्ही हातांनी उचलला, मेरिमचे दोन्ही हात त्यात ठेवले, आणि वरून घेर मिटून घेतला.

"मी दिली," ती म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. "माझ्या हातांनी. शुद्धीवर असताना. तुझी लेक, शारिपा. आणि ती राणीसुद्धा तुझीच होती. ती मात्र आता परत देता येत नाही मला."

मेरिमने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. मागच्या तरुण पोरांना वाटलं, शिवणाऱ्या बाईचा सत्कार चाललाय, आणि त्यांनी टाळ्या वाढवल्या. पण सभागृहात जागोजागी बसलेल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना घेराचा अर्थ सांगावा लागत नाही, त्या टाळ्या वाजवायच्या थांबल्या, आणि त्यांनी आशीर्वादाला तळवे उघडले. एका क्षणात साऱ्या शहराला कळणार होतं. शारिपाला त्याचं काही वाटलं नाही. लाज ज्यांना वाटायची त्यांना वाटो.

तिने एक हात लेकीच्या केसांवर ठेवला आणि दुसऱ्याने तुर्सुनायच्या गालावरचा रंग पुसला.

"घरी आले तर चहा देशील?" तुर्सुनायने विचारलं, रडता रडता, हसता हसता. "अर्धाच?"

शारिपाचे ओठ हलले. वीसहून अधिक वर्षं बंद असलेलं दार उघडायला थोडा वेळ लागतोच.

"देईन," ती हळूच म्हणाली. "तू ये तर खरी... तुर्सुनाय."

एनेंनी मान वळवली. मागच्या रांगेत मुकाश पुढे झुकला. भर सभागृहात, सासूच्या शेजारी बसून, सुनेने नणंदेचं नाव घेतलं होतं, तेही 'तू' म्हणून. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग आपल्या दोन थकलेल्या हातांकडे पाहिलं, ज्यांनी एकदा, दुसरीच्या कुशीतून न विचारता लेकरू उचललं होतं. आणि तिने डोक्यावरचा पांढरा फेटा सारखा केला.

"एवढ्या गोंगाटात तिला कसं ऐकू जाणार?" एने म्हणाल्या. "नीट मोठ्याने म्हण."

तेव्हा शारिपा उठून उभी राहिली, आणि हजार माणसांच्या आवाजावर आपला आवाज चढवून तिने आपल्या मैत्रिणीला नावाने हाक मारली.